जरा उजळ येऊ दे

वैशाख हल्ली आधी मोबाईलवर येतो. अजून रसवंतीची घुंगरं वाजायची असतात, माठाखालची वाळू भिजवायची असते, तोवर इकडे पत्रिका, हळदी, मेंदीचे हात आणि घोड्यावरचे नवरदेव यांची रांग लागलेली असते. परवा माझी भाची पूर्वा माझ्याशेजारी बसून स्वतःच्या साखरपुड्याचे फोटो बघत होती. एक फोटो तिला काळा वाटला. तिने पडद्यावर बोट ठेवलं, बाजूला सरकवलं, आणि तिचा सावळा तरतरीत चेहरा बघता बघता दुधात बुडाला.

"आता बरा आहे ना, मावशी?"

"आधीचाच बरा होता," मी म्हटलं.

ती हसली. या वयाच्या बायकांना सगळं आधीचंच बरं वाटतं, असा त्या हसण्याचा अर्थ होता. त्याचा मला राग आला नाही. आईचं बोलणं ऐकून मीही एके काळी अशीच हसत असे. पण आधीचाच बरा असं मी म्हटलं त्याचा वयाशी संबंध नव्हता. असं पांढऱ्यात विरून गेलेलं एक तोंड मी ओळखते. त्याला परत आणायचं म्हणून मी एक अख्खा उन्हाळा कॉम्प्युटरसमोर घालवला होता, आणि त्या उन्हाळ्याची चुटपुट अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

नगर जिल्ह्यातल्या आमच्या कर्जतचा वैशाख पांढरा असतो. पिवळा म्हणतात तो दुसऱ्या कुठल्या तरी गावचा. मुरमाड माळावर ऊन पडतं आणि तिथूनच उसळी मारून डोळ्यांत येतं. चुना दिलेल्या भिंती, दोरीवर वाळणारी धोतरं, एस. टी.चं टप, रस्त्यावरचा फुफाटा, सगळं एकाच रंगाचं होतं. दुपारी समोरून येणारा माणूस आपला की परका हे तो हाक मारीपर्यंत कळत नाही. आणि याच महिन्यात आमच्याकडे सगळी लग्नं. शेतं रिकामी, शाळांना सुट्टी, पाहुणे मोकळे. ऊन तेवढं आहेर म्हणून फुकट.

माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, एस. टी. स्टँडजवळ फोटो स्टुडिओ होता. आत एक पडदा, त्यावर रंगवलेलं तळं आणि नारळाची झाडं. नारळ कर्जतमध्ये फक्त दोनच ठिकाणी दिसायचे, किराणा दुकानात आणि आमच्या पडद्यावर. आरशासमोर फणी, दोरीनं बांधलेली, कारण तिला पाय फुटायचे. आणि शेजारी पावडरचा डबा. येणारं गिऱ्हाईक, मग ते परीक्षेच्या फॉर्मसाठी आलेलं पोरगं असो की जोडीनं आलेले नवरा-बायको, आधी पावडर थापायचं आणि मग एकच वाक्य बोलायचं, "जरा उजळ येऊ द्या बरं का." दादा मान डोलवायचा. त्याचं म्हणणं होतं, "फोटो काळा आला की गिऱ्हाईक भांडायला येतं, आणि पांढरा आला की पेढे घेऊन येतं." उन्हात राबून काळीभोर झालेली आमची माणसं कागदावर गोरी होऊन घरी जायची. भिंतीवर टांगलेल्या त्या गोऱ्यापान माणसांकडे खालची काळी माणसं कौतुकानं बघायची. मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी नगरला कॉलेजबरोबर कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, म्हणून दादाने धाडस करून स्टुडिओत एक कॉम्प्युटर आणला. त्याच्या खोलीत चपला काढून जायचं. सकाळी उदबत्ती. काम नसताना अंगावर भरतकामाचं झाकण. आई पहिल्यांदा आली तेव्हा तिने त्याला हात जोडले आणि मग मला विचारलं, "ह्यो बोलतो का?" जुने फोटो यंत्रावर चढवायचे, त्यांच्या सुरकुत्या, डाग, वाळवीनं खाल्लेले कोपरे बुजवायचे, हे माझं काम. मेलेल्या सासऱ्यांच्या नाकावरचा बुरशीचा ठिपका मी पुसला की सुना डोळ्यांना पदर लावायच्या. मला आपल्या हातात काही तरी सिद्धी आली आहे असं वाटायला लागलं होतं. वय तसंच होतं.

त्या वैशाखात आमच्या घरचंच लग्न होतं, माझ्या बहिणीचं, नंदाचं. आणि घरात एकच प्रश्न होता. मामा येईल का?

आमच्याकडे मुलीच्या लग्नात मामा नसला तर मांडव ओकाबोका वाटतो. मामानं नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं, मंगलाष्टकं होईतो तिच्या पाठीशी उभं राहायचं. नसला मामा तर भटजी कुणालाही मामा करतात आणि लग्न लागतं. पण माणसं कुजबुजतात आणि आईची मान खाली जाते.

आईला एकच भाऊ, पाठचा. नाव बापू. जामखेडच्या पुढे एका वाडीवर त्याची कोरडवाहू शेती. त्यांची आई लवकर गेली, त्यामुळे आईनेच त्याला सांभाळलेलं, तीही तेव्हा केवढी असेल! तो म्हणे सारखा तिच्या पदराचं टोक धरून चालायचा, पाण्याला, बाजाराला, कुठंही. आईचं लग्न झालं, ती सासरी यायला गाडीत बसली, तरी त्याची मूठ सुटेना. दर भाऊबीजेला ओवाळून झालं की आई ही गोष्ट सांगायची. "मी म्हनलं, सोड की रं, गाडी निघाली. तर ह्यानं मूठ आनिकच आवळली. शेवटी चुलत्यानं येक येक बोट उलगडलं बघा." एवढ्या मोठ्या मिशांचा आमचा मामा लाजून ताटातला लाडू चिवडत म्हणायचा, "आक्का, पुरं की आता. पोरं मोठी झाली." वडील आमच्या लहानपणी गेले. त्यानंतर आमच्या दाराला आधार होता तो या माणसाचा.

मग दादाच्या लग्नाची गोष्ट निघाली. मामाची मुलगी म्हणजे आमच्याकडे न बोलता ठरलेली सून. मामानं गृहीतच धरलं होतं. दादा म्हणाला, "ती मला बहिणीसारखी आहे, मी करणार नाही." आई मधल्या मध्ये. तिने मुलावर जोर केला नाही, आणि भावाच्या पाया पडायला गेली तर भाऊ आत निघून गेला. बाहेर निरोप आला, "म्हनावं, तुझ्या दारात पाऊल न्हाई टाकनार." त्यानंतर भाऊबीज आली की आई अंगणात पाट मांडायची आणि चंद्राला ओवाळायची. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात. हिला तर होता. तबकातली ज्योत वाऱ्यानं हलायची, आम्ही बहिणी पायरीवर बसून राहायचो, आणि ओवाळून झालं की ती पदराची गोष्ट आता कुणी सांगत नव्हतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी मात्र घर हसत होतं. पुण्याहून आमचा आतेभाऊ सुधीर आला होता आणि त्याच्या गळ्यात एक नवलाचा कॅमेरा होता. त्यात रोल नव्हता. चपटी फ्लॉपी खटकन आत सरकवायची, फोटो काढायचा, आणि लगेच पाठीमागच्या चौकोनात बघायचा. कर्जतमध्ये असलं कुणी पाहिलेलं नव्हतं. बायकांनी त्याला इतका घेरला की नवरीकडे कुणाचं लक्ष नाही. माजघरात अंधार. नंदाचा हळदीच्या अंगाचा फोटो त्याने काढून आईला दाखवला. आईने चौकोन डोळ्यांशी नेला.

"काळी दिसती रं पोरगी. जरा उजळ येऊ दे की."

सुधीरने कुठलंसं बटण तीन-चारदा दाबलं आणि पुन्हा फोटो काढला.

"आता?"

"आता ब्येस."

ते बटण पुन्हा खाली आणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. सुधीरच्याही नाही. ही गोष्ट आम्ही आईला कधीच सांगितली नाही, आणि ती सांगितली नाही याचं मात्र मला वाईट वाटत नाही.

ऊन डोक्यावर आलं आणि मामा आला. एकटाच. एस. टी.तून उतरून चालत, धुळीनं भरलेल्या पायांनी. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरा फेटा. मांडवाबाहेर आमच्या चुन्याच्या भिंतीपाशी येऊन तो उभा राहिला, पुढं येईना. कुणी तरी आईला सांगितलं. ती हातातलं अक्षतांचं ताट तसंच माझ्याकडे देऊन धावली आणि भर उन्हात त्याच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडायला लागली. "बापू रं, बापू," एवढंच. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी ताट सांभाळत लांब उभी होते, मला दिसत होती फक्त आईची पाठ. दादा आत विधीत अडकलेला, त्याचे कॅमेरे कपाटात. दादाचा एक धंद्यातला मित्र लग्न लागताना फोटो काढायला येणार होता, तो अजून पोचला नव्हता. कॅमेरा होता तो सुधीरचा. त्याने एक फोटो काढला. उन्हात मागच्या चौकोनात काही दिसेना. त्याने हाताची सावली करून बघितलं आणि बरा असेल म्हणून सोडून दिलं.

तेवढ्यात वाजंत्री ऐकू आली. "वऱ्हाड आलं! वऱ्हाड आलं!" एकच पळापळ. आई डोळे पुसत वळली, दोन पावलं गेली आणि तिचा पदर मागे अडकला. तिने मागे न बघता हिसका दिला, सोडवला आणि गेली. दादानं हट्टानं नेसायला लावलेल्या नव्या हिरव्या लुगड्याच्या टोकाचे दोरे निघाले. संध्याकाळी ती मांडववाल्याला चांगलंच बोलली, "तुझे बांबू तासून आनायला काय हुतं रं? सोन्यासारख्या पदराला खोंबारा पाडला." तो बिचारा एकेक बांबू चाचपून बघत राहिला. आम्ही हसलो.

"मामांनी मुलीला आणावं," भटजींनी हाक दिली तेव्हा मामा पुढं झाला. नंदाचा हात धरून म्हणाला, "चल, बाई." दिवसभरात त्याच्या तोंडून मी ऐकलेले तेवढेच शब्द. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आणि मामा कुणाला न सांगता दुपारच्या गाडीनं निघून गेला. तो जेवला नाही हे आईला पाठवणी झाल्यावर कळलं.

लग्नानंतर आम्ही सुधीरच्या फ्लॉप्या कॉम्प्युटरला लावल्या. माजघरातले फोटो सुरेख होते. अंगणातले सगळे जळालेले. मांडवाचं कापड, माणसं, ताटं, सगळ्यांवर पिठाची गोणी उपडी केल्यासारखं झालेलं. मामाच्या फोटोत आईचं लुगडं फिकं पोपटी दिसत होतं आणि त्यापलीकडे भिंत, फेटा, सदरा, तोंड यांत काही फरकच नव्हता.

"घाबरू नको," दादा म्हणाला. "उजेड जास्त झाला ना? मग निघतंय."

हे त्याचं उगीच बोलणं नव्हतं. तो वर्षानुवर्षं अंधाऱ्या खोलीत फोटो धुणारा माणूस. रोलच्या फोटोग्राफीचा हा पाठ त्याला तोंडपाठ होता की उजेड कमी पडला तर फिल्मवर काही उमटतच नाही, तो फोटो मेला. पण जास्त पडला तर फिल्म काळीकुट्ट होते, तिच्या पोटात सगळं असतं, कागदावर जास्त वेळ उजेड दिला की ओढून काढता येतं. म्हणून आमच्याकडचे सगळे फोटोवाले दोन पैसे उजेड जादाच द्यायचे. त्यानं गिऱ्हाईकही खूश. या नव्या यंत्राचा न्याय नेमका उलटा आहे, त्यात अंधारातलं पुष्कळसं उकरून काढता येतं आणि पूर्ण पांढरं झालं तिथं काहीच नोंदलेलं नसतं, हे त्याला कुणी सांगणार? मलाही कोर्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं. दादाने आईला शब्द दिला, "निघंल, आई." आणि आम्ही आपापल्या कामाला लागलो.

वैशाख सरता सरता जामखेडकडून निरोप आला. मामा शेतात बांधावर बसला होता, तो बसल्या जागीच गेला.

दहाव्याला गेलो. आई मामीच्या गळ्यात पडायला गेली तर मामीनं तिला हातभर लांबच ठेवलं. दुःखानं माणूस कडू होतं, तिचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण ती म्हणाली, "लग्नाला आलते म्हून लई गहिवरू नका. लोकं तोंडात शेन घालत्याल म्हून आलते. दुसरं काय बी न्हवतं त्यांच्या मनात."

परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसली होती. मिरजगावच्या अलीकडे कुठं तरी ती मला म्हणाली, "त्यानं मला हात न्हाई लावला गं."

"म्हणजे?"

"मी गळ्यात पडले. त्यानं पाठीवर हात न्हाई ठिवला. मांडवाच्या मेढीसारखा उबा ऱ्हायला. हात खालीच." मग बऱ्याच वेळानं, "माझं डोकं त्याच्या छातीत. मला काय दिसनार त्याचं तोंड? तुमच्या फोटूत आलं आसंल की. रडत हुता का, त्ये बघ. का नुसताच उबा हुता."

तेव्हापासून त्या फोटोचं नाव फोटो राहिलं नाही. मामा आपल्याला माफ करून गेला की चार लोकांच्या लाजेनं येऊन गेला, याचा निकाल त्या पांढऱ्या चौकोनात होता. तिथं उभ्या असलेल्यांना तिने विचारून पाहिलं. एक म्हणाली रडत होता, एक म्हणाली उन्हानं डोळे बारीक केले होते, एक म्हणाली मी तुमच्याकडंच बघत होते. आईला कुणाचंच पटेना. "मशीन खोटं बोलत न्हाई," ती म्हणाली.

मग रोज दुपारी जेवणं झाली की आई स्टुडिओत येऊन माझ्याशेजारी स्टुलावर बसायची. त्या वर्षी पाऊस लांबलेला, पत्रा तापलेला, पंखा गरम वारा फेकणारा, अधूनमधून वीज जायची आणि केलेलं सगळं जायचं. दादानं मला पद्धत शिकवली होती, अंधाऱ्या खोलीतली. जेवढं बिघडलंय तेवढाच भाग धर, बाकीच्याला हात लावू नको, नाही तर चांगला भागही बिघडेल. मी मामाच्या तोंडाभोवती खूण करायची. मुंग्यांची रांग फिरावी तशी तुटक रेघ त्याच्या तोंडाभोवती फिरायला लागायची. मग त्या गोलाला मोठं करून पडदाभर आणायचं आणि उजेडाची पट्टी खाली ओढायची. पांढऱ्याचं करडं व्हायचं. करड्याचं राखी. राखेत डोळे नव्हते. कुठं एक फिकट ठिपका दिसला की मी म्हणायची, ही भुवई असेल. आई पुढं वाकायची. अजून मोठं केलं की त्या भुवईचे चौकोन व्हायचे.

"ह्या तर लाद्या बसवल्यात," आई म्हणायची. "बापू कुठंय ह्यात?"

मी रंग बदलून पाहिले, सावल्या वाढवून पाहिल्या, नगरच्या आमच्या सरांना विचारून आले. तेच ते. दादाला आपण दिलेल्या शब्दाचं ओझं झालं होतं. एक दिवस त्याने जत्रेतला मामाचा एक जुना फोटो काढून दिला. "ह्यातलं तोंड तिथं बसव. डोळ्यांत थोडं पाणी दाखव. तिला तेवढंच समाधान." मी बसवलं. हात बसलेला होता माझा, जोड कुठं दिसत नव्हता. मामाच्या डोळ्यांच्या कडांना मी बारीक चमक दिली. स्वतःच्याच कामावर मी खूश झाले. आईला बोलावलं. ती बराच वेळ बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"ह्यो बापू जत्रंतला हाय," ती म्हणाली. "तवा तो माझ्यावर रुसलेला न्हवता."

मी ते पुसून टाकलं. त्यानंतर आई दुपारी येईनाशी झाली. एकदा मीच विषय काढला तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. देवाच्या मनात न्हाई मला त्याचं तोंड दावायचं." मी झाकण घालून कॉम्प्युटर बंद केला. त्या वर्षीचा उन्हाळा तिथं संपला.

पुढं माझं लग्न झालं, मी नगरला आले. दादानं रोलचे कॅमेरे विकले, सगळे फोटो एका सीडीवर भरून आम्हा बहिणींना दिले. आई वर्षा-दोन वर्षांनी विचारायची, "आता नव्या मशिनी आल्यात म्हनं. त्या फोटूचं काय व्हतंय का?" मी तिला शास्त्र समजावून सांगायची. पांढरं झालं तिथं काही नसतंच, आई, तर यंत्र आणणार कुठून? ती "व्हय व्हय" म्हणायची. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून पट्टी काढली तेव्हा खिडकीकडे बघून म्हणाली, "आगं, किती उजळ झालं सगळं. तुझ्या फोटूसारखं." आम्ही दोघी हसलो. शेवटच्या आजारात तिला माणसांची सरमिसळ व्हायला लागली. दादाला ती मधूनच बापू म्हणायची आणि विचारायची, "आजून राग हाय का रं?" दादा म्हणायचा, "न्हाई गं आक्का." त्याला आक्का म्हणताना ऐकून मी उठून बाहेर जायची. ती गेली तेव्हा तिला हे उत्तर पटलं होतं की नव्हतं, मला माहीत नाही.

आणि आता नंदाच्या मुलीचं लग्न. पूर्वाला मांडवात मोठ्या पडद्यावर आई-वडिलांच्या लग्नाचे फोटो दाखवायचे आहेत, म्हणून ती माझ्याकडे आलेली. साखरपुड्याचे फोटो पाहून झाल्यावर आम्ही जुने काढले. दादाची सीडी मी केव्हाच कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली होती. एकेक करता तो आला. "हा काय, नुसता पांढरा?" ती म्हणाली. मी तिला सांगितलं, हा तुझ्या आजीचा भाऊ. सांगता सांगता माझा हात जुन्या सवयीनं चालला होता. मामाच्या तोंडाभोवती तुटक रेघ फिरायलाही लागली होती.

"मावशी, तेवढाच तुकडा काय धरून बसलीस? अख्ख्या फोटोचा उजेड खाली ओढ की." आणि तिने माझ्या हातातला माऊस घेऊन, मघाशी आपला चेहरा ज्या बेफिकिरीनं उजळला होता त्याच बेफिकिरीनं, सगळ्या फोटोत अंधार केला.

फोटो फार कुरूप झाला. भिंत चिखलासारखी, आईची पाठ काळपट हिरवी. मामाचं तोंड राखेचं, ते तसंच राहिलं. पण खाली, अगदी कडेला, जिथं आम्ही कुणी कधी बघितलं नव्हतं, तिथं धोतराच्या पांढऱ्यावर एक डाग होता तो गडद होत गेला आणि त्याला बोटं आली. मामाचा लोंबता हात, आईच्या अंगाच्या सावलीत राहिलेला. आयुष्यभर रानात तापून कोळशासारखा झालेला तो हात वैशाखाच्या उन्हालाही जाळता आला नव्हता. फोटोत एकटा तोच जसाच्या तसा होता. नखंसुद्धा दिसत होती.

"मूठ का आवळलीय त्यांनी?" पूर्वा म्हणाली. "हिरवं काय धरलंय?"

मी जवळ वाकून पाहिलं. वाकायची गरज नव्हती.

सबंध उन्हाळा आई माझ्याशेजारी स्टुलावर बसून होती आणि मी पडदाभर मामाचं तोंड मोठं करून तिला राख दाखवत होते. त्याच वेळी मूठ पडद्याच्या खाली, चौकटीबाहेर होती. एकदा, एकदाच जरी मी तो फोटो होता तेवढा राहू दिला असता! त्याच दिवशी मी तो फोटो दादाला पाठवला आणि त्याचा लगेच फोन आला.

पूर्वा विचारत होती की हा फोटो मांडवात दाखवायचा का. मी हो म्हटलं, असाच, काळा. मला तेव्हा वऱ्हाडाची वाजंत्री ऐकू येत होती, आणि घाईघाईनं वळलेली, मागे न बघता पदराला हिसका देणारी आई दिसत होती. तो पदर बांबूला अडकला नव्हता.